गेस्टला डिव्हाइस दिसत नाही: क्यूईएमयूने रचलेली डिव्हाइस ट्री कशी तपासायची

क्यूईएमयू म्हणजे संगणकाची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करणारा प्रोग्रॅम. त्याच्या आत चालणारी सिस्टम म्हणजे गेस्ट, बाहेरचा खरा संगणक म्हणजे होस्ट. कोणतं डिव्हाइस कुठल्या पत्त्यावर आहे हे कर्नलला सांगणारी यादी म्हणजे डिव्हाइस ट्री.

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्यासमोर असेल तर पुढचं वाचा.

- पडदा कोरा. क्यूईएमयू चालू आहे, होस्टचा एक कोर १०० टक्के खातंय, पण कर्नलची एक ओळ उमटत नाही.
- लिनक्स उठतो, पण डिस्क किंवा नेटवर्क कार्ड सापडत नाही. रूट फाइलसिस्टम माउंट होत नाही आणि कर्नल पॅनिकवर सगळं थांबतं.
- ड्रायव्हर लागतो, रजिस्टर नीट वाचली जातात, पण पहिल्याच कामाला टाइमआउट.
- कालपर्यंत धावणारी स्क्रिप्ट क्यूईएमयू अपग्रेड केल्यावर चालेना.
- क्यूईएमयू सुरू होतानाच 'एफडीटी एरर नॉट फाउंड' किंवा 'एफडीटी एरर एक्झिस्ट्स' असं सांगून बंद पडतं.
- डीटीबीचा (ट्रीच्या बायनरी फाइलचा) हॅश दर वेळी वेगळा येतो आणि पडताळणी करणारा बूटलोडर अडून बसतो.

मी आर्मच्या 'व्हर्ट' मशीनवर स्वतःची डिव्हाइस मॉडेल जोडतो आणि त्यांचे ड्रायव्हर तपासतो. वरची सगळी लक्षणं मी अनेकदा निस्तरली आहेत, आणि बहुतेक वेळा मूळ एकाच ठिकाणी सापडलं आहे. म्हणून खालचा क्रम. बिनखर्चाचं आधी, कोडला हात लावणं सर्वांत शेवटी. कमांड आणि ऑप्शन इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत, टाइप करताना नेहमीचं स्पेलिंग वापरा.

मूळ काय ते आधी सांगतो. व्हर्ट ही कुठल्याही खऱ्या बोर्डाची नक्कल नाही, त्यामुळे तिची तयार डीटीबी फाइल कुठे मिळत नाही. तुम्ही चार सीपीयू, दोन जीबी रॅम आणि जीआयसीची (आर्मच्या इंटरप्ट कंट्रोलरची) तिसरी आवृत्ती मागितलीत, की क्यूईएमयू त्याच वेळी लिबएफडीटी ही लायब्ररी वापरून ट्री रचतं, रॅममध्ये ठेवतं आणि तिचा पत्ता कर्नलच्या हाती देतं. ६४ बिटमध्ये एक्स० रजिस्टरमधून, ३२ बिटमध्ये आर२ मधून. ही ट्री म्हणजे सातबारा. क्यूईएमयूच्या आतला मेमरी मॅप म्हणजे प्रत्यक्ष जमीन. कर्नल जमीन बघायला येत नाही. तो उतारा वाचतो आणि लिहिलंय तिथे नांगर घालतो. उताऱ्यावर एक आणि जागेवर दुसरं असलं, किंवा उताराच जुना असला, की वरचं एखादं लक्षण दिसणारच.

१. कमांड लाइन शब्द न् शब्द वाचा

याला दोन मिनिटं लागतात आणि अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. बघायच्या गोष्टी चार.

सीपीयू सांगितलाय का? व्हर्टला सीपीयू दिला नाही तर ते कॉर्टेक्स ए१५ धरतं, आणि तो ३२ बिटचा आहे. ६४ बिटचा कर्नल त्यावर उठणार नाही आणि काही बोलणारही नाही. लोक तासन्‌तास ट्री तपासत बसतात आणि चूक इथे असते.

रॅम दिली आहे का? न दिल्यास १२८ एमबीच मिळते. मोठा इनिटआरडी (बूटच्या वेळची तात्पुरती फाइलसिस्टम) त्यात मावत नाही.

३२ बिटचा कर्नल एलपीएई (४ जीबीच्या वरचे पत्ते वापरायची सोय) शिवाय बांधलेला आहे का? तसं असेल आणि निवडलेल्या सीपीयूला एलपीएई येत असेल, तर 'हायमेम' ऑफ करा. नाहीतर पीसीआय कंट्रोलरसारखी डिव्हाइस ४ जीबीच्या वरच्या पत्त्यावर जातात. ट्रीमध्ये ती असतात, पण कर्नलचा हात तिथे पोचत नाही.

चौथी सर्वांत महत्त्वाची. ओळीत कुठे 'डीटीबी' ऑप्शन राहिलाय का? कोणीतरी कधीतरी ट्री फाइलमध्ये उतरवून घेतलेली असते, तिच्यात किरकोळ बदल केलेला असतो आणि ती फाइल स्क्रिप्टमध्ये कायमची बसते. ही फाइल दिली की क्यूईएमयूने रचलेली ट्री बाजूला पडते. त्या फाइलमध्ये क्यूईएमयू रॅमचा आकार, बूट आर्ग्युमेंट, इनिटआरडीचा पत्ता अशा मोजक्याच गोष्टी भरतं. सीपीयू, जीआयसी, डिव्हाइसचे पत्ते जुनेच राहतात. पुढे कोणी जीआयसी दोनची तीन केली, की जमीन नवी आणि उतारा जुना. आमच्याकडे एका स्क्रिप्टमध्ये अशी फाइल पडून होती आणि तिच्यामुळे तीन जणांचा पूर्ण दिवस गेला. ऑप्शन काढून एकदा चालवून बघा. चाललं तर काम झालं, ती फाइल उडवा.

२. ट्री उतरवून घ्या आणि डीटीसीच्या इशाऱ्यांकडे लक्ष द्या

मशीन ऑप्शनच्या पुढे स्वल्पविराम देऊन 'डम्पडीटीबी' आणि फाइलचं नाव द्या. क्यूईएमयू ट्री फाइलमध्ये लिहितं आणि गेस्ट न चालवता बाहेर पडतं. बाकीची ओळ जशीच्या तशी राहू द्या, कारण ट्री त्या ओळीतूनच जन्मते. 'डम्पसाठी एवढं कशाला' म्हणून अर्धे ऑप्शन गाळलेत तर तुम्ही भलत्याच मशीनचा उतारा वाचत बसाल. चालू गेस्टवर हे करायचं असेल तर ७.२ आवृत्तीपासून मॉनिटरमध्येही (क्यूईएमयूच्या नियंत्रण कन्सोलमध्ये) 'डम्पडीटीबी' कमांड आहे.

मग डीटीसीने (ट्रीच्या कंपायलरने) डीटीबीची डीटीएस (वाचता येणारा मजकूर) करा. या पायरीवर बरेच जण डीटीएस उघडून वाचायला बसतात आणि टर्मिनलवर आलेले इशारे सोडून देतात. आधी ते वाचा. 'रेग'ची (डिव्हाइसचा पत्ता आणि आकार) लांबी चुकीची, नोडच्या (ट्रीमधल्या नोंदीच्या) नावातला पत्ता आणि आतला पत्ता वेगळा, असं डीटीसी स्वतःच सांगतं. काही इशारे निरुपद्रवी असतात, पण ज्यात तुमच्या डिव्हाइसचं नाव आहे तो कधीच सोडू नका.

दोन डम्पची तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'चोझन' या बूटची माहिती ठेवणाऱ्या नोडमधले 'केएएसएलआर-सीड' आणि 'आरएनजी-सीड' दर वेळी नवे असतात, तो बिघाड नव्हे. हॅश जुळत नाही हे लक्षण असेल तर कारण हेच. मशीन ऑप्शनमध्ये 'डीटीबी-रँडमनेस' ऑफ केलंत की हॅश स्थिर होतो. मात्र त्यामुळे गेस्टला मिळणारं यादृच्छिक बीज बंद होतं. ते पुरवायची जबाबदारी मग तुमच्या फर्मवेअरवर येते, हे संबंधितांना सांगून ठेवा.

३. गेस्टने कोणती ट्री वाचली ते गेस्टलाच विचारा

डम्प बरोबर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. क्यूईएमयू आणि कर्नल यांच्यामध्ये यूबूट, ओपनएसबीआय किंवा यूईएफआय फर्मवेअर असेल, तर ट्री वाटेत बदलू शकते. रिस्क-५ वर ओपनएसबीआय स्वतःसाठी राखीव मेमरीची नोंद घालतं आणि ते योग्यच आहे. यूबूटच्या बूट स्क्रिप्टमध्ये कोणी डिस्कवरची वेगळी डीटीबी लोड करत असेल, तर क्यूईएमयूची ट्री कर्नलपर्यंत पोचतच नाही.

गेस्ट उठत असेल तर 'सिस' खाली 'फर्मवेअर' मध्ये 'एफडीटी' नावाची फाइल असते. ती कॉपी करून डीटीसीमधून काढा आणि डम्पशेजारी ठेवा. फरक दिसला तर दोष क्यूईएमयूत शोधू नका, मधल्या टप्प्यात शोधा.

ही फाइलच नसेल, किंवा ट्री जवळजवळ रिकामी असेल, तर कर्नल बहुधा एसीपीआयवर (डिव्हाइसची माहिती देणाऱ्या दुसऱ्या पद्धतीवर) उठलाय. व्हर्टवर ईडीके२ फर्मवेअर वापरलं की ते साधारणपणे एसीपीआय टेबल पुढे करतं आणि डिव्हाइस ट्री मागे ठेवतं. तुम्ही ट्रीमध्ये जोडलेला नोड मग कोणी वाचतच नाही. मशीन ऑप्शनमध्ये 'एसीपीआय' ऑफ करा आणि पुन्हा बघा. माझ्या अनुभवात 'नोड अगदी बरोबर आहे तरी ड्रायव्हर लागत नाही' या तक्रारीचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे.

४. डिव्हाइस ट्रीमध्ये असायलाच हवं का?

पीसीआयवरची डिव्हाइस ट्रीमध्ये नसतात. 'व्हर्टआयओ-ब्लॉक-पीसीआय' ही आभासी डिस्क जोडलीत तर ट्रीमध्ये फक्त पीसीआय होस्ट ब्रिजचा नोड दिसेल. पुढची डिव्हाइस कर्नल स्वतः बसवर शोधतो. त्यामुळे डिस्क दिसत नसेल तर ट्रीमध्ये डिस्क शोधू नका. कर्नलमध्ये जेनेरिक पीसीआय होस्ट आणि व्हर्टआयओ-पीसीआय हे दोन्ही ड्रायव्हर आहेत का ते बघा. स्वतः छाटून बांधलेल्या कर्नलमध्ये ते हमखास गळतात.

उलट, व्हर्टआयओ-एमएमआयओचे (पीसीआयऐवजी थेट मेमरी पत्त्यावर बसणाऱ्या डिव्हाइसचे) ३२ नोड ट्रीमध्ये कायम असतात, डिव्हाइस जोडा की नका जोडू. ते हेक्स ०ए०००००० पासून २०० च्या अंतराने, म्हणजे प्रत्येकी ५१२ बाइटचे. रिकाम्या जागेचा डिव्हाइस आयडी शून्य येतो आणि ड्रायव्हर पुढे जातो. नोड दिसतोय म्हणजे डिव्हाइस आहे, असं इथे नाही. शिवाय कमांड लाइनवरचं पहिलं डिव्हाइस पहिल्या नोडवर बसत नाही, सर्वांत वरच्या पत्त्यावर, हेक्स ०ए००३ई०० वर बसतं. दोन डिस्कची अदलाबदल झाली अशी तक्रार यातूनच येते. कर्नल व्हर्टआयओ डिव्हाइसच्या क्रमाची हमी देत नाही, तेव्हा 'व्हीडीए', 'व्हीडीबी' या नावांवर विसंबू नका. रूटसाठी यूयूआयडी लिहा.

५. उतारा आणि जमीन जुळवा

मॉनिटरमध्ये 'इन्फो एमट्री' द्या. हा खरा मेमरी मॅप. आता डीटीएस शेजारी ठेवून पत्ते ताडून बघा. व्हर्टवर पीएल०११ सिरियल पोर्ट हेक्स ०९०००००० ला आणि रॅमची सुरुवात ४००००००० ला. तुमच्या डिव्हाइसचा 'रेग' आणि एमट्रीमधला पत्ता अक्षरशः सारखा हवा. नसेल तर ड्रायव्हर पहिलं रजिस्टर वाचायला जातो आणि 'सिंक्रोनस एक्स्टर्नल अबॉर्ट' येऊन कर्नल कोसळतो. तो पत्ता चुकून दुसऱ्याच डिव्हाइसच्या हद्दीत पडला तर आणखी वाईट. तेव्हा काहीच कोसळत नाही, फक्त भलतीच मूल्यं येत राहतात.

६. पडदा कोरा असेल तर

आर्म ६४ चा कर्नल डीटीबी ८ बाइटच्या सीमेवर आणि २ एमबीच्या आत मागतो. ती अवैध वाटली तर तो चूक सांगणारा संदेश लिहितो आणि अनंत लूपमध्ये फिरत बसतो. संदेश दिसत नाही, कारण कन्सोल कुठे आहे हे सांगणारी ट्रीच वाचता आलेली नाही. एक कोर १०० टक्के आणि पडदा कोरा, याचा अर्थ अनेकदा हाच.

'अर्लीकॉन' (सुरुवातीचे संदेश दाखवणारं बूट आर्ग्युमेंट) नुसतं लिहिलं तर कर्नल पत्ता ट्रीमधूनच घेतो. म्हणून पत्त्यासकट लिहा, 'पीएल०११' आणि पुढे हेक्स ०९००००००. तरीही काही येत नसेल तर बूट आर्ग्युमेंटसुद्धा ट्रीमधल्या 'चोझन' नोडमधूनच जातात हे आठवा. ट्रीच पोचली नाही तर अर्लीकॉनही पोचत नाही. अशा वेळी क्यूईएमयू 'एस' आणि 'कॅपिटल एस' देऊन थांबवलेल्या अवस्थेत सुरू करा, जीडीबी हा डीबगर जोडा, कर्नलच्या पहिल्या सूचनेवर एक्स० बघा आणि त्या पत्त्यावरचे पहिले चार बाइट वाचा. डी०, ०डी, एफई, ईडी असे बाइट दिसले तर तिथे डीटीबी आहे. इथे नवशिके घाबरतात, कारण ३२ बिटचा शब्द म्हणून वाचलं की हेच बाइट उलटे दिसतात. डीटीबी बिग-एंडियन असते, तेव्हा ते ठीकच आहे. ईएलएफ फाइल दिली असेल तर क्यूईएमयू तिला लिनक्स मानत नाही. तेव्हा एक्स० मध्ये पत्ता मिळत नाही, ट्री रॅमच्या सुरुवातीला ठेवलेली असते. बेअर-मेटल प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ती जागा आपल्या कोडने व्यापली नाही ना, ते बघावं.

७. अपग्रेडनंतरच बिघडलं असेल तर

नुसतं 'व्हर्ट' म्हणजे त्या क्यूईएमयूमधली सर्वांत नवी व्हर्ट. स्क्रिप्टमध्ये आवृत्तीसकट नाव लिहा, उदाहरणार्थ 'व्हर्ट-८.२'. जुन्या आणि नव्या नावाने दोन डम्प घ्या आणि तुलना करा. काय बदललं ते पाच मिनिटांत कळतं.

८. आता तुमचा स्वतःचा कोड

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि डिव्हाइस तुम्ही जोडलेलं असेल, तर नोड रचणारं फंक्शन उघडा. माझ्या हातून आणि सहकाऱ्यांच्या हातून झालेल्या चुका सांगतो.

'कम्पॅटिबल' मध्ये (ड्रायव्हर ज्या नावांवरून जुळतो तिथे) दोन नावं हवी असताना एकच जाणं. पीएल०११ ला 'आर्म,पीएल०११' बरोबर 'आर्म,प्राइमसेल' हवंच. दुसरं नाव नसेल तर लिनक्स ते एएमबीए बसवर घेत नाही आणि सिरियल पोर्ट गप्प राहतो. दोन नावांच्या मध्ये शून्य बाइट असतो. स्ट्रिंग लिहिणारं सोपं फंक्शन त्या शून्यापाशी थांबतं आणि दुसरं नाव गळतं. कच्चे बाइट लिहिणारं फंक्शन वापरा आणि लांबी 'साइझऑफ' ने द्या.

कच्च्या बाइटच्या फंक्शनने आकडा लिहिणं ही उलटी चूक. सेल (३२ बिटचा एक आकडा) लिहिणारी फंक्शन आकडा बिग-एंडियन करून देतात, कच्चं फंक्शन देत नाही. डीटीएसमध्ये ४ च्या जागी ६७१०८८६४ दिसला तर चूक हीच आहे.

'रेग' मध्ये पत्ता आणि आकार दोन्हींना दोन-दोन सेल हवेत, कारण व्हर्टच्या मुळाशी ॲड्रेस सेल २ आणि साइझ सेल २ आहेत. दुसऱ्या बोर्डाचा नोड उचलून आणला की एकेकच सेल येतो.

पीहँडल (नोडचा ओळख क्रमांक) हाताने ठरवू नका. क्यूईएमयूच्या फंक्शनकडून मागून घ्या, ते हेक्स ८००० पासून क्रमाने देतं. हाताने दिलेला आकडा दुसऱ्याशी आदळला तर इंटरप्ट भलत्याच कंट्रोलरकडे जातो आणि त्याची चूक कुठेच छापून येत नाही.

इंटरप्टच्या क्रमांकावर मात्र थांबून सांगायला हवं. माझं एक डिव्हाइस हेक्स ०बी०००००० वर होतं. ड्रायव्हर लागला, आवृत्तीचं रजिस्टर बरोबर आलं, आणि पहिल्या ट्रान्सफरला टाइमआउट. गेस्टमध्ये 'प्रॉक' खालची 'इंटरप्ट्स' फाइल उघडली. माझ्या डिव्हाइसच्या ओळीत चारही सीपीयूखाली शून्य आणि पुढे जीआयसीचा क्रमांक ७६. ही ओळ मी दोन दिवस बघत होतो आणि शून्यांकडेच बघत होतो. दोष ७६ मध्ये होता. बोर्डाच्या कोडमध्ये तार जोडली होती एसपीआय (सगळ्या सीपीयूंना सामाईक इंटरप्ट) १२ ला. जीआयसीच्या हिशेबात एसपीआय ३२ पासून सुरू होतात, म्हणून तो इंटरप्ट ४४. मी ट्रीमध्ये ४४ लिहिलं. पण ट्रीमध्ये एसपीआयचा क्रमांक ३२ वजा करूनच लिहायचा असतो. कर्नलने त्यात पुन्हा ३२ मिळवले आणि ७६ ची वाट बघत बसला. तिथे १२ लिहिलं, फाइलमध्ये ४४ दिसला आणि आकडे वाढू लागले. तेव्हापासून मी आधी तो क्रमांक बघतो, मग शून्यं. पीपीआय (एकेका सीपीयूचा खासगी इंटरप्ट) असेल तर वजा करायचे १६. तिसऱ्या सेलमधला झेंडाही बघा. लेव्हलला ४, वाढत्या एजला १. लेव्हलचं डिव्हाइस एज म्हणून लिहिलंत तर थोडा वेळ चालून मग अडकतं, आणि तो दोष शोधणं फार जिकिरीचं.

शेवटचं, वेळ. बोर्डाचं 'इनिट' चालतं तेव्हा कमांड लाइनवरची 'डिव्हाइस' ऑप्शनची डिव्हाइस अजून जन्मलेली नसतात. त्यांचा नोड इनिटमध्ये रचायला गेलात तर ती सापडणारच नाहीत. व्हर्टमध्ये हे काम 'मशीन डन' च्या सूचनेवर होतं. प्लॅटफॉर्म बसवरच्या डिव्हाइसचे नोड त्या वेळी जोडले जातात आणि त्यानंतरच ट्री रॅममध्ये जाते. नव्या प्रकारच्या डिव्हाइससाठी 'सिसबस-एफडीटी' मधल्या तक्त्यात नोंद करावी लागते. ती नसेल तर क्यूईएमयू हे डिव्हाइस असं जोडता येत नाही म्हणून स्पष्ट सांगतं. 'नॉट फाउंड' आणि 'एक्झिस्ट्स' या चुका याच घोटाळ्यातल्या. पहिल्यात पालक नोड रचायच्या आधी मूल जोडलेलं असतं, दुसऱ्यात एकच नोड दोनदा रचलेला असतो.

कुठे थांबायचं

डम्प बरोबर, गेस्टची ट्री तीच, एमट्रीशी पत्ते जुळतात, इंटरप्टचा क्रमांक बरोबर, तरी काम होत नाही, तर दोष ट्रीमध्ये नाही. तो डिव्हाइस मॉडेलमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. ट्रीमध्ये अंदाजाने बदल करत बसू नका, ज्याने ते मॉडेल लिहिलंय त्याच्याकडे जा.

होस्टवरचं खरं डिव्हाइस व्हीएफआयओने गेस्टला देत असाल तर पाचव्या पायरीनंतर हात लावू नका. होस्टच्या ड्रायव्हरपासून चुकीचं डिव्हाइस सोडवलंत तर सर्व्हरचं नेटवर्कच जाऊ शकतं. त्या सर्व्हरच्या सिस्टम ॲडमिनला बोलवा. सुरक्षित बूटमध्ये डीटीबीवर सही असेल तर पडताळणी बंद करून पुढे जाऊ नका, ते काम सुरक्षेच्या टीमचं. आणि केव्हीएमवर (गेस्ट थेट होस्टच्या सीपीयूवर चालवताना) बिघडतं पण टीसीजीवर (सीपीयूची नक्कल सॉफ्टवेअरने करताना) चालतं असं दिसलं, तर होस्ट कर्नल जाणणारा माणूस लागेल.

जाताना पाच गोष्टी सोबत न्या. क्यूईएमयूची आवृत्ती, पूर्ण कमांड लाइन, डम्प केलेली डीटीबी, गेस्टमधून काढलेली एफडीटी फाइल आणि कर्नलचा पहिल्या ओळीपासूनचा लॉग. कमांड लाइन स्क्रिप्टमधून कॉपी करू नका, चालू प्रोसेसवरून घ्या. स्क्रिप्टमधले व्हेरिएबल भरल्यावर ती ओळ प्रत्यक्षात काय झाली, ते तिथेच दिसतं.